डक्टचं दार

"कबुतरं? छे हो डॉक्टर, आम्ही कधी दाणासुद्धा टाकत नाही."

काकूंनी हे इतक्या ठामपणे सांगितलं की मी केसपेपरवर त्या प्रश्नापुढे 'नाही' लिहून मोकळा झालो. वय साठीच्या पुढे, सिगारेट-तंबाखू नाही, घरात कुणाला दमा नाही. तक्रार एवढीच, की कोरडा खोकला जात नाही आणि दोन मजले चढताना धाप लागते. आधी ॲलर्जीचा खोकला समजून औषधं दिली, मग पंप दिला. थोडं बरं वाटायचं, पुन्हा सुरू. मधेच त्या लेकीकडे नाशिकला पंधरा दिवस राहून आल्या की खोकला अगदी कमी असायचा. आम्ही दोघंही त्याचं श्रेय नाशिकच्या हवेला देत होतो. असे पाच महिने गेले. मग छातीचा एचआरसीटी काढला आणि त्यात दोन्ही फुप्फुसांत धुरकट डाग आणि खालच्या बाजूला थोडे व्रण दिसले. छातीच्या तज्ज्ञांनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न तोच विचारला, जो मी विचारला होता. उत्तरही तेच मिळालं.

उलगडा झाला तो योगायोगाने. काकांना ताप होता म्हणून मी त्यांच्या घरी गेलो होतो. हात धुवायला बाथरूममध्ये गेलो. काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी, दोन पट्ट्या तुटलेल्या. पलीकडे इमारतीचा डक्ट. पाइपांच्या प्रत्येक सांध्यावर घरटी, खिडकीच्या कठड्यावर बोटभर जाडीचा पांढरा-हिरवा थर, आणि तळाशी काय होतं ते अंधारात दिसतच नव्हतं. मी एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबलं, तर पात्यांवरून पिसांचा भुगा खाली पडला. काकू खोटं बोलल्या नव्हत्या, दाणे त्या टाकतच नव्हत्या. कबुतरांना त्यांच्याकडून दाणे नकोच होते, फक्त जागा हवी होती.

आजाराबद्दल पुढे सांगतो. पण त्या दिवसापासून मला एक प्रश्न पडला. ही जी उभी पोकळी आपण प्रत्येक इमारतीत ठेवतो, ती मुळात आरोग्यासाठी ठेवलेली आहे. कायद्याने ठेवायला लावलेली आहे. मग ती आजार देणारी कशी झाली? जुनं वाचायला लागलो तेव्हा कळलं, की हे पहिल्यांदा घडत नाहीये.

हवा चढते कशी

थोडं शास्त्र. गरम हवा हलकी असते, ती वर जाते. उभ्या पोकळीला वर मोकळं तोंड आणि खाली हवा आत यायला वाट असेल, तर खालून ताजी हवा येते आणि वरून वापरलेली जाते. पंखा लागत नाही, वीज लागत नाही. चुलीवरच्या धुराड्याचं तत्त्व हेच. आपल्याकडच्या वाड्यांचा चौक काही अंशी हेच काम करायचा, आणि मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांत छताला ठेवलेलं साणंही. फरक एवढा, की चौक रोज झाडला जायचा, कारण घरातली सगळी वर्दळ त्यातूनच होती. साण्यावर पाऊस आला की पत्रा ओढायला कुणीतरी धाब्यावर चढायचं. ज्या भोकातून हवा येते त्याच्याकडे रोज कुणाचं तरी लक्ष होतं.

आपल्या मुंबईत आणखी एक अडचण. घरातली आणि बाहेरची हवा साधारण सारखीच गरम असते, त्यामुळे डक्टमधला हा ओढा मुळातच कमजोर. तो बराचसा वरच्या तोंडावरून वाहणाऱ्या वाऱ्यावर अवलंबून असतो. अशा डक्टवर पाऊस येतो म्हणून वरून घट्ट पत्रा ठोकला आणि खालची वाट भरून गेली, की तो डक्ट राहत नाही. ती एक उभी पेटी होते, आणि प्रत्येक मजल्यावरच्या संडास-बाथरूमची खिडकी त्या पेटीत उघडते.

न्यूयॉर्कची बक्षीसपात्र चूक

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये जहाजं भरभरून माणसं येत होती आणि चार-पाच मजली भाड्याच्या इमारतींत कोंबली जात होती. शेजारच्या भिंतीला भिंत, मधल्या खोल्यांना खिडकीच नाही. क्षयरोगाचं प्रमाण भयंकर. मग प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी असा कायदा १८७९ मध्ये आला. त्याच सुमाराला प्लंबिंग आणि स्वच्छता या विषयाच्या एका नियतकालिकाने स्पर्धा ठेवली: अरुंद प्लॉटवर आरोग्यदायी इमारत कशी बांधावी? जेम्स वेअर नावाच्या आर्किटेक्टच्या आराखड्याला पहिलं बक्षीस मिळालं. त्याची युक्ती सोपी होती. इमारत मध्यावर थोडी आत ओढायची, शेजारची इमारतही तशीच आत ओढायची, म्हणजे दोघींच्या मधे एक अरुंद उभी पोकळी तयार होते. मधल्या खोल्यांच्या खिडक्या तिच्यात उघडायच्या. वरून पाहिलं तर इमारतीचा आकार व्यायामाच्या डंबेलसारखा दिसे, म्हणून नावही तेच पडलं. पुढची वीस वर्षं या नमुन्याच्या हजारो इमारती उभ्या राहिल्या.

कागदावर हवा होती. प्रत्यक्षात पोकळी इतकी अरुंद, की खालच्या मजल्यांवर उजेड पोचतच नसे. पाचव्या मजल्यावरून खाली कचऱ्याची बादली घेऊन जाण्यापेक्षा खिडकीतून टाकणं सोपं. खाली साचलेलं कुजायचं, वास वर चढायचा, लोक खिडक्या कायमच्या बंद करून टाकायचे. म्हणजे पुन्हा जिथे होते तिथेच. वर आग लागली की हीच पोकळी धुराड्यासारखी ज्वाळा वर खेचायची आणि प्रत्येक खोलीच्या खिडकीत नेऊन सोडायची. १९०० साली तिथल्या सुधारकांनी या घरांवर एक प्रदर्शन भरवलं, चौकशी समिती बसली, आणि १९०१ मध्ये नवा कायदा आला. अरुंद पोकळ्या गेल्या, त्यांच्या जागी मोठी अंगणं आली, आणि आतल्या अंगणाला तळाशी बाहेरची हवा आत येण्यासाठी आडवी वाट सक्तीची झाली.

या कायद्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम अगदी किरकोळ वाटणारं आहे. प्रत्येक डक्टच्या आणि आतल्या अंगणाच्या तळाशी एक दार असलंच पाहिजे, त्यातून आत जाऊन ती जागा नीट साफ करता आली पाहिजे. बस, एवढंच. पण कलम लिहिणाऱ्यांना नेमकं कळलं होतं. मोठमोठ्या आराखड्यांत झाडू कुठून आत जाणार हे कुणी विचारलंच नव्हतं.

मुंबईची हाऊस गल्ली

मुंबईचा डक्ट त्याहून जुना, आणि तो आडवा होता. गिरगाव, मांडवी, भुलेश्वर, डोंगरी या भागांत ज्यांचं बालपण गेलं त्यांना 'हाऊस गल्ली' सांगायला नको. दोन चाळींच्या पाठींमधली, एखादा माणूस कसाबसा चालेल एवढी फट. तिच्यात टोपल्यांचे संडास उघडायचे, मोऱ्यांचं पाणी सुटायचं, आणि मैला वाहून नेणारे हलालखोर कामगार तिथूनच आत यायचे. आणि मागच्या खोल्यांना जी काही हवा मिळायची, तीही याच गल्लीतून. एकाच फटीवर मैल्याची आणि श्वासाची अशी दोन्ही कामं टाकलेली. महापालिका आजही दक्षिण मुंबईतल्या हाऊस गल्ल्या साफ करते आणि आजही वरून पिशव्या पडत राहतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. व्हिएगस मूळचे गोव्याचे, मुंबईत प्रॅक्टिस करणारे. आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरला त्यांचा विशेष अभिमान वाटतो, कारण हे निदान प्रयोगशाळेत झालेलं नव्हतं, रुग्णाच्या घरी झालेलं होतं. पुढे जे झालं ते मात्र सरकारी होतं. तेव्हाची समजूत अशी, की प्लेग कोंदट, घाणेरड्या हवेतून येतो. म्हणून घरांवर कार्बोलिकचे फवारे मारले, चुना फासला, हवा-उजेड आत यावा म्हणून छपराची कौलं काढली. माणसांनी राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू.एच.एच.' ही इंग्रजी अक्षरं रंगवली. लोक भयंकर चिडले. पुण्यात या सक्तीचा शेवट कशात झाला ते मराठी वाचकाला माहीत आहेच.

१८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे, म्हणजे समुद्राचा वारा शहरात शिरेल, ही त्यातली एक मोठी कल्पना. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यातूनच आले. पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहतीही.

गंमत अशी, की प्लेगच्या बाबतीत सगळ्यांचा तर्क चुकला होता. १८९८ मध्येच पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात असं दाखवलं, पण त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने हे पक्कं केलं. प्लेगचे उंदीर मेलेल्या जागेत पिसवा मोकळ्या होत्या. तिथे जमिनीवर सोडलेले गिनीपिग आजारी पडले. त्याच जागेत पिसवांची उडी पोचणार नाही इतक्या उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले गिनीपिग वाचले. हवा दोघांना एकच होती. म्हणजे प्लेगसाठी हवा निर्दोष होती. गुन्हेगार होता हाऊस गल्लीतला आणि धान्याच्या वखारीतला उंदीर. छपराची कौलं काढण्यापेक्षा गल्ली साफ करणं, धान्य झाकून ठेवणं जास्त उपयोगाचं ठरलं असतं.

तरी चुकीच्या कारणासाठी केलेलं काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास मुंबईतल्या घरांच्या उजेड-हवेवर सविस्तर लिहिलं आणि एका नियमाचा आग्रह धरला: साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. ऐकायला अवघड, पण अर्थ सरळ आहे. समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर तुमच्या खिडकीपासून तिच्यापर्यंत हवं. चाळीस फूट उंच भिंत असेल तर वीस फूट मोकळी जागा. दादर-माटुंग्याच्या जुन्या कॉलन्यांत आजही खालच्या मजल्यावर उजेड येतो, तो या विचारामुळे. टीबीच्या दृष्टीने या मोकळ्या जागेचं महत्त्व किती, ते शास्त्राने पुढे पन्नास वर्षांनी सिद्ध केलं.

डक्टच्या दुसऱ्या टोकाला पिंजरे

ते सिद्ध झालं अमेरिकेत बाल्टिमोरला, आणि तेही एका डक्टमुळेच. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी एका हॉस्पिटलात टीबीच्या रुग्णांचा सहा खाटांचा वॉर्ड घेतला. वॉर्डातली हवा बंद नळीतून वर नेली आणि शेकडो गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्ण आणि प्राणी यांचा दुसरा काहीही संबंध नाही, मधे फक्त हवेची नळी. गिनीपिगांना टीबी झाला. मग दुसरी तुकडी ठेवली आणि तिच्याकडे जाणाऱ्या हवेवर नळीतच अल्ट्राव्हायोलेट किरण सोडले. तिला टीबी झाला नाही. टीबी हवेतून पसरतो हे आज शाळेतलं पोरही सांगेल, पण त्याचा निर्णायक पुरावा हा आहे. परळच्या गिनीपिगांनी हवेला सोडलं होतं, बाल्टिमोरच्यांनी पकडलं.

गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत काही वर्षांपूर्वी झालेल्या अभ्यासात, जिथे उजेड आणि वारा पोचत नाही अशा खालच्या मजल्यांवर टीबीचं प्रमाण अधिक आढळलं. तिथे इमारती उंच आहेत आणि मधली जागा काही मीटरची. ऑर साहेबांचा नियम लावला तर त्या बांधताच आल्या नसत्या. शंभर वर्षांपूर्वी याच शहराला जे कळलं होतं, ते आपण गरिबांच्या घरांपुरतं विसरलो.

आता हाँगकाँग. ही गोष्ट प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीने वाचावी. मार्च २००३, सार्सची साथ. कौलून भागात अमॉय गार्डन्स नावाची उंच टॉवरांची वसाहत. सार्स झालेला एक पाहुणा तिथे ई ब्लॉकमध्ये नातेवाइकांकडे दोनदा येऊन गेला. त्याला जुलाब होत होते, त्याने तिथला संडास वापरला. पुढच्या काही आठवड्यांत वसाहतीतले ३०० हून अधिक लोक आजारी पडले, ४२ दगावले. पेशंटला कधी भेटलेही नाहीत अशा लोकांना, वेगळ्या मजल्यांवर, आजार झाला.

चौकशीत जे निघालं ते अगदी आपल्या घरातलं आहे. बाथरूमच्या जमिनीत पाणी जायला जाळी असते, तिच्याखाली वाकडी नळी असते आणि तिच्यात नेहमी थोडं पाणी अडून राहतं. आपले प्लंबर तिला 'नानी ट्रॅप' म्हणतात. मूळ शब्द 'न्हाणी', म्हणजे मोरी. ते अडलेलं पाणी म्हणजे गटाराच्या नळीला लावलेलं बूच. हाँगकाँगची माणसं बाथरूम धूत नव्हती, नुसतं पुसून घेत होती. ट्रॅप कोरडे पडले, बूच निघालं. त्यात बाथरूमचं दार बंद करून एक्झॉस्ट फॅन लावला, की फॅन बाहेर फेकेल तेवढी हवा आत कुठून तरी यायलाच हवी. ती कोरड्या ट्रॅपमधून आली, म्हणजे थेट मैल्याच्या नळीतून, विषाणूचे बारीक थेंब घेऊन. फॅनने तेच थेंब बाहेर, दोन फ्लॅटांमधल्या अरुंद उभ्या डक्टमध्ये फेकले. दमट गरम हवा वर चढली आणि वरच्या मजल्यांच्या बाथरूम-खिडक्यांतून आत शिरली. चौथ्या मजल्यावर नळीला चीरही सापडली. त्यानंतरच्या हवेच्या अभ्यासातही वरच्या मजल्यांवर रुग्ण जास्त असणं याच चित्राशी जुळलं. प्रत्येक तपशिलावर संशोधकांचं एकमत नाही, पण कोरडा ट्रॅप, फॅन आणि डक्ट ही साखळी बहुतेकांना मान्य आहे.

म्हणून माझ्या पेशंटांना मी एक फुकटचा सल्ला देतो. जी बाथरूम रोज वापरत नाही, पाहुण्यांची किंवा बंद फ्लॅटमधली, तिच्या जाळीत आठवड्यातून एकदा एक तांब्या पाणी ओता. गावाहून परत आल्यावर बाथरूममध्ये जो वास येतो तो 'घर बंद होतं' म्हणून येत नाही. ट्रॅप वाळलेला असतो.

कबुतर आणि फुप्फुस

काकूंच्या आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. हे इन्फेक्शन नाही, म्हणून अँटिबायोटिकने बरं होत नाही, आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही. कबुतराच्या विष्ठेत आणि पिसांवरच्या पावडरीत जी प्रथिनं असतात, ती वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली की काहींच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. लढाई फुप्फुसात होते. सुरुवातीला सूज असते, ती उतरते. उशीर झाला की व्रण होतात, ते उतरत नाहीत. एकाच घरात राहणाऱ्या काकांना काही झालं नाही आणि काकूंना झालं, हे नेहमीचंच आहे. कुणाला होणार ते आधी सांगता येत नाही.

कबुतरं पाळणाऱ्यांचा हा आजार १९६५ मध्ये अमेरिकेत वर्णन केला गेला. आम्ही शिकत होतो तेव्हा तो पुस्तकात एका परिच्छेदापुरता होता, 'परदेशातला छंदाचा आजार' म्हणून. २०१७ मध्ये भारतातल्या २७ केंद्रांनी मिळून फुप्फुसांच्या अशा व्रणाच्या १,०८४ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात सगळ्यात मोठा गट याच आजाराचा निघाला, ४७ टक्क्यांहून अधिक. सगळे कबुतरांमुळे नव्हेत. अस्वच्छ एअर कूलर हेही त्यात एक मोठं कारण होतं. पण मुंबईतल्या डॉक्टरला पहिला प्रश्न कबुतरांचाच विचारावा लागतो.

दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये बंद झाला तेव्हा केवढं वादळ उठलं. त्या वादात मी पडत नाही. फक्त एवढंच सांगतो, की कबुतरखान्याजवळून जाणारा माणूस तिथे दोन मिनिटं असतो, आणि डक्टची खिडकी असलेल्या बाथरूममध्ये आपण रोज, आयुष्यभर जातो. मीही चुकीचा प्रश्न विचारला होता. 'दाणे टाकता का' असं नको विचारायला. 'तुमच्या बाथरूमची खिडकी कुठे उघडते' असं विचारायला हवं होतं. पाच महिने वाचले असते.

सोसायटीची मीटिंग आणि त्यानंतर

काकांनी विषय जनरल बॉडीत मांडला. पहिला आक्षेप खर्चाचा. दुसरा, हा तुमच्या घरचा प्रश्न आहे. हे खरं नाही. हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामायिक पाइप आणि सांडपाण्याच्या नळ्यांची देखभाल सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते, आणि डक्टमध्ये दुसरं असतं काय? तिसरा आक्षेप मात्र वाजवी होता: आत जायचं कुठून? १९७० च्या दशकातली इमारत, तळमजल्यावर डक्टला दार असणार हे नक्की, पण ते कुणी पाहिलेलं नव्हतं. शेवटी सापडलं, पंपाच्या खोलीत, जुन्या लोखंडी कपाटामागे. कुलूप गंजलेलं, किल्ली कुणाकडेच नाही. मला न्यूयॉर्कच्या त्या कलमाची आठवण झाली.

सफाई करणाऱ्या मुलांशी मी स्वतः बोललो, कारण धोका सगळ्यात जास्त त्यांना असतो. सुकलेली विष्ठा कोरडी झाडली की तिचा धूर होतो. त्यात ॲलर्जीची प्रथिनं असतातच, शिवाय क्रिप्टोकॉकससारखी बुरशीही असू शकते, जी मधुमेह किंवा स्टेरॉइडवरच्या माणसाच्या मेंदूपर्यंत जाते. म्हणून आधी पाण्याचा हलका फवारा मारून सगळं भिजवायचं, मगच खरवडायचं आणि ओलं असतानाच गोणीत भरून तोंड बांधायचं. साधा रुमाल नाही, एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे. वरून उतरायचं तर कमरेला पट्टा आणि दोरी. खिडकीच्या छज्ज्यावर पाय ठेवून लटकणं नको. तळाचं चेंबर कुणीही आत उतरून साफ करायचं नाही, गटारातल्या वायूने माणूस क्षणात जातो. ते काम मशीनचं. त्या दिवशी सगळ्या मजल्यांवरच्या खिडक्या बंद, एक्झॉस्ट फॅन बंद, आणि दमेकरी व लहान मुलं दिवसभर दुसरीकडे. काकूंना आम्ही आधीच नाशिकला पाठवलं होतं.

तळातून अठ्ठावीस गोण्या निघाल्या. विष्ठा, पिसं, प्लास्टिकच्या पिशव्या, एक फुटका नळ, चपला. एक सांडपाण्याचा पाइप दुसऱ्या मजल्यावर सांध्यातून गळत होता, त्यामुळे शेजारच्या भिंतीला कायम ओल होती आणि तिथल्या घरी सगळ्यांना शिंका. तो बदलला. वरचा पत्रा काढून दीड फूट उंचीवर पुन्हा बसवला, चारही बाजूंना जाळी, म्हणजे पाऊस आत नाही, कबुतर आत नाही, हवा मोकळी. एका घराने डक्टमध्ये एसीचं आउटडोअर युनिट लावलं होतं, ते काढायला तयार नव्हते. तो वाद अजून चालू आहे. आणखी एका घरात गॅस गिझर होता आणि बाथरूमच्या खिडकीला थंडीत कागद लावलेला. त्यांना मात्र मी तिथेच थांबून कागद काढायला लावला. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, खोकला येत नाही, माणूस नुसता झोपल्यासारखा पडतो.

प्रत्येक घरामागे जो खर्च आला, तो काकूंच्या एका एचआरसीटीपेक्षा कमी होता. आता दरवर्षी दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी, दार उघडून बघायचं असं ठरलं आहे.

काकू दीड महिन्याने परत आल्या. स्टेरॉइडचा छोटा कोर्स झाला, खोकला गेला. नव्या स्कॅनमध्ये धुरकट डाग विरले आहेत, खालचे व्रण तसेच आहेत. आता त्या दोन मजले एका दमात चढत नाहीत, मधे एकदा थांबतात. मागच्या आठवड्यात त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वर्षभर कोरडा खोकला, पंप चालू. मी आधी त्यांच्या बाथरूमची खिडकी विचारली, मग छाती तपासली. त्यांचा एचआरसीटी सोमवारी आहे.